मध्यान्हाला अक्षांश बरोबर, रेखांश मात्र तीस मैल बाहेर: चूक कुठे शोधायची

तक्रार नेहमी एकच असते. मालवाहू जहाज असो की चाळीस फुटी शिडाची बोट, दुपारच्या सूर्यवेधातून अक्षांश मैलभराच्या आत येतो. त्याच वेधातून काढलेला रेखांश मात्र जीपीएसच्या मानाने कधी पंधरा, तर कधी तीस मैल बाजूला पडतो. दुसऱ्या दिवशीही तेच होतं, आणि बहुतेक वेळा त्याच दिशेला. मग माणूस सेक्स्टंटच्या, म्हणजे सूर्याची उंची मोजायच्या उपकरणाच्या, आरशांचे स्क्रू पिळत बसतो, घड्याळ बदलून बघतो आणि शेवटी ‘मध्यान्हाला रेखांश निघतच नाही’ असं म्हणून नाद सोडतो.

रेखांश निघतो. क्षितिज स्वच्छ असेल, तर तीन ते पाच मैलांत निघतो. मी तो स्वतः अनेक वर्षं काढत आलो आहे आणि जहाजावर येणाऱ्या कॅडेट मुलांकडूनही काढून घेतला आहे. होर्मुझ आणि तांबड्या समुद्राच्या बाजूला अलीकडे जीपीएसचे सिग्नल ज्या पद्धतीने बिघडवले जातात, ते पाहता ही फक्त परीक्षेपुरती विद्या राहिलेली नाही. म्हणून जिथे हमखास घोटाळा होतो त्या जागा इथे मांडतो.

आधी शब्दांचं एक ठरवून घेऊ. ‘मिनिट’ कोनाचं की घड्याळाचं, हा गोंधळ या विषयात फार होतो. कोनाच्या मिनिटाला मी पंचांगातला ‘कला’ हा शब्द वापरतो. मिनिट आणि सेकंद फक्त घड्याळासाठी. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल. पृथ्वी चार सेकंदांत एक कला फिरते, म्हणजे घड्याळाच्या एका मिनिटाला रेखांश १५ कलांनी सरकतो. क्रांती म्हणजे डेक्लिनेशन, सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, उन्नतांश म्हणजे क्षितिजापासून सूर्याची उंची आणि नतांश म्हणजे खमध्यापासून, म्हणजे अगदी डोक्यावरच्या बिंदूपासून, त्याचं अंतर.

अक्षांश बरोबर येत असेल तर सेक्स्टंटला हात लावू नका

निदानाची सुरुवात इथून करा. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून निघतो. इंडेक्स एरर म्हणजे सेक्स्टंटच्या शून्यातलीच चूक, डोळ्याच्या उंचीची सुधारणा म्हणजे डिप, वातावरणातलं वक्रीभवन, यांपैकी कशातही गडबड असली, तर ती अक्षांशात तेवढीच उतरते. अक्षांश दोन दिवस मैलभरात येतो आहे, याचा अर्थ उपकरण, तुमचा हात आणि क्षितिज तिन्ही ठीक आहेत. रेखांश वेळेवरून निघतो. तेव्हा चूक वेळेत आहे. ती घड्याळात असेल, मध्यान्हाचा क्षण ठरवण्यात असेल किंवा त्या क्षणाचा अर्थ लावण्यात असेल. मी पाहिलेल्या वह्यांमध्ये बहुतेक चुका शेवटच्या दोन जागी होत्या.

सूर्य ‘थांबतो’ तिथे वेळ पकडायला जाऊ नका

ब्रिजच्या विंगवर उभं राहून पहिल्यांदा मध्यान्ह पाहणाऱ्याचा अनुभव ठरलेला असतो. सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकवून ठेवलेली असते. सूर्य चढत असतो, कड क्षितिजापासून सुटते, तुम्ही मायक्रोमीटरचा ड्रम किंचित फिरवून ती परत टेकवता. हे सुटणं हळूहळू कमी होत जातं. मग एक वेळ अशी येते की कड टेकली ती टेकलीच. अंगठा ड्रमवर तयार असतो, पण फिरवायला काही उरत नाही. सेक्स्टंट डावी-उजवीकडे झुलवला, की सूर्याचं बिंब कमानीत झुलतं आणि तळाशी क्षितिजाला नुसतं घासून जातं. पुन्हा झुलवा, पुन्हा तेच. अशी तीन-चार मिनिटं जातात आणि मग कड पाण्यात बुडायला लागलेली दिसते. या अवधीत कुठेतरी माणूस ‘आत्ता!’ म्हणतो आणि घड्याळ बघतो. घोटाळा त्या ‘आत्ता’मध्ये आहे.

आकडे पाहू. डिसेंबरच्या मध्यात तुम्ही १५ अंश उत्तर अक्षांशावर आहात. याम्योत्तरावरून, म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवरून, जाण्याच्या दोन मिनिटं आधी सूर्य सर्वोच्च उंचीपेक्षा फक्त ०.२ कला खाली असतो, आणि दोन मिनिटांनंतरही तेवढाच. हलत्या डेकवरून ०.२ कला कोणाच्याही डोळ्याला कळत नाही. पण दोन मिनिटं म्हणजे रेखांशाच्या ३० कला, त्या अक्षांशावर २९ मैल. अक्षांश बिनचूक येण्याचं आणि रेखांश भरकटण्याचं कारण एकच आहे: सूर्य वर जाऊन रेंगाळतो. उंची मोजणाऱ्याला ते सोयीचं पडतं, वेळ मोजणाऱ्याला घातक.

खलाशांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं. अरबी समुद्रात कमाल नावाची फळी आणि गाठी मारलेली दोरी घेऊन ध्रुवताऱ्याची उंची मोजणारे नाखवे आधी बंदराच्या अक्षांशावर येत आणि मग त्याच अक्षांशावरून सरळ पूर्वेला किनारा गाठत. रेखांशाच्या भरवशावर ते कधी राहिले नाहीत.

उपाय म्हणजे मध्यान्ह मधोमध शोधायचं नाही, दोन्ही बाजूंनी मोजायचं. मध्यान्हाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी, सूर्य अजून व्यवस्थित चढत असताना, एक उंची घ्या आणि वेळ सेकंदापर्यंत लिहा. दुपारी तो त्याच उंचीवर परत उतरेल तेव्हाची वेळ लिहा. दोन वेळांचा मध्य म्हणजे माथ्याची, सर्वोच्च उंचीची, वेळ. वरच्याच उदाहरणात माथ्याच्या वीस मिनिटं आधी सूर्याची उंची दर मिनिटाला जवळजवळ १.९ कलांनी बदलत असते, त्यामुळे वेध अर्धी कला चुकला तरी वेळेत फरक पडतो १६ सेकंदांचा. पाच मिनिटं आधी हाच दर अर्ध्या कलेच्याही खाली येतो आणि त्याच अर्ध्या कलेच्या चुकीला मिनिटाहून जास्त दंड पडतो. म्हणून पाच-सात मिनिटांच्या आतल्या जोड्या घेऊच नका. वेळ वाया जातो.

या पद्धतीत एक गोष्ट मला विशेष आवडते. सकाळचं माप घेतल्यावर मायक्रोमीटरला हातच लावायचा नाही. दुपारी सेक्स्टंट त्याच आकड्यावर धरून उभं राहायचं आणि उतरता सूर्य क्षितिजाला टेकायची वाट बघायची. टेकला, वेळ लिही. इंडेक्स एरर काय आहे, डिप किती, खालची कड घेतली की वरची, यातल्या कशालाही महत्त्व उरत नाही, कारण दोन्ही वेळा ते सारखंच असतं. तीन जोड्या हव्या असतील, तर सकाळच्या तीन उंच्या वहीत लिहून ठेवा आणि दुपारी उलट्या क्रमाने एकेक लावत जा. ड्रम मात्र नेहमी एकाच दिशेने फिरवून आकड्यावर आणा. उलटसुलट फिरवलात तर दात्यांमधल्या ढिलाईने अर्धी कला सहज जाते. मधल्या वेळात सेक्स्टंट उन्हात ठेवू नका. धातू तापला की आरसे हलतात आणि ‘दोन्ही वेळा सारखंच’ हे गृहीतकच कोसळतं.

हे सगळं करूनही तीस मैल चुकतोय?

मी कॅडेट होतो. डिसेंबरचा मध्य, मुंबईहून निघून जवळजवळ सरळ दक्षिणेला, वेग बारा नॉट. गोव्याच्या पश्चिमेला साधारण पाऊणशे मैलांवर असताना मी तीन जोड्या घेतल्या. पद्धत समजावी म्हणून त्या धर्तीचे आकडे देतो. सगळ्या वेळा ग्रिनिचच्या:

५१ अंश १० कला: सकाळी ०६:४३:१०, दुपारी ०७:३०:५८, मध्य ०७:०७:०४
५१ अंश १६ कला: ०६:४६:१२ आणि ०७:२८:२०, मध्य ०७:०७:१६
५१ अंश २२ कला: ०६:४९:२० आणि ०७:२४:४४, मध्य ०७:०७:०२

तिन्ही मध्य १४ सेकंदांच्या आत, सरासरी ०७:०७:०७. यापेक्षा चांगली जुळणी मागायची तरी काय! अल्मनॅकवरून, म्हणजे सूर्य-ताऱ्यांच्या जागा देणाऱ्या वार्षिक पुस्तकावरून, त्या दिवशी ग्रिनिचचं मध्यान्ह ११:५५:०० वाजता येत होतं असं धरा. फरक ४ तास ४७ मिनिटं ५३ सेकंद, म्हणजे रेखांश ७१ अंश ५८ कला पूर्व. जीपीएस दाखवत होता ७२ अंश ३० कला. फरक ३२ कलांचा, म्हणजे ३१ मैल. माथ्यावरची उंची ५१ अंश ३६.४ कला होती आणि तिच्यावरून अक्षांश आला होता १५ अंश, अगदी काट्यावर.

मी तास-दीड तास बेरजा-वजाबाक्या तपासत बसलो होतो. सेकंड ऑफिसरने वही उघडली, आकड्यांवरून नजर फिरवली आणि एकच विचारलं, “कोर्स काय आहे रे आपला?”

“एकशे ऐंशी, सर.”

“आणि सूर्य कुठे आहे? दक्षिणेलाच ना? मग तू त्याच्याकडे चालत निघालायस. तो याम्योत्तरावरून गेला तरी तुला अजून चढताना दिसणार.”

एवढ्या दोन वाक्यांत मला सगळं कळलं आणि ते आजतागायत विसरलेलो नाही. जहाज दर तासाला बारा मैल सूर्याच्या दिशेने सरकत होतं, म्हणजे फक्त चालण्यामुळे सूर्य तासाला बारा कला, मिनिटाला ०.२ कला वर चढत होता. याम्योत्तर ओलांडल्यावर तो खरं तर उतरायला लागतो, पण सुरुवातीचं उतरणं इतकं मंद असतं की जहाजाची चाल त्यावर मात करते. त्यामुळे सर्वांत मोठी उंची याम्योत्तरावर न मिळता दोन मिनिटं आठ सेकंद उशिरा मिळाली. समान उंचीच्या जोड्यांचा मध्यही तेवढाच पुढे सरकतो, जोड्या कितीही छान जुळल्या तरी. ०७:०७:०७ मधून २:०८ वजा करा: ०७:०४:५९. रेखांश ७२ अंश ३० कला.

याच चालीमुळे अक्षांशात किती चूक झाली? माथ्याची उंची याम्योत्तरावरच्या उंचीपेक्षा ०.२ कला जास्त, बस्स. एकाच कारणाने रेखांश ३१ मैल हलतो आणि अक्षांश मैलाचा पाचवा भाग. म्हणूनच हा दोष इतका काळ लपून राहतो आणि माणूस सेक्स्टंटवर संशय घेत राहतो.

सुधारणेचं सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

सेकंद = १५.३ × नॉटमधला उत्तर-दक्षिण वेग × (अक्षांशाचा टॅन, क्रांतीचा टॅन यांतला फरक)

अक्षांश आणि क्रांती एकाच बाजूला, म्हणजे दोन्ही उत्तर किंवा दोन्ही दक्षिण असतील, तर टॅनची वजाबाकी. विरुद्ध बाजूंना असतील तर बेरीज. वरच्या उदाहरणात १५ अंशाचा टॅन ०.२६८ आणि २३ अंश १६ कलांचा ०.४३०, बेरीज ०.६९८, गुणिले १२, गुणिले १५.३ म्हणजे १२८ सेकंद. सूर्याकडे चालत असाल तर माथा उशिरा येतो, म्हणून मिळालेल्या वेळेतून वजा करा. सूर्यापासून दूर जात असाल तर माथा लवकर येतो, तेव्हा मिळवा. सुधारणा न करता सोडलीत, तर सूर्याकडे जाणाऱ्याचा रेखांश नेहमी पश्चिमेला पडेल आणि दूर जाणाऱ्याचा पूर्वेला. तुमची चूक रोज एकाच दिशेला असेल आणि परतीच्या प्रवासात दिशा बदलत असेल, तर दुसरं कारण शोधू नका, हेच आहे.

वेग फक्त उत्तर-दक्षिण घटकाचा धरायचा. सहा नॉटने नैऋत्येला चाललेल्या बोटीचा दक्षिणेचा घटक ४.२ नॉट. पूर्व-पश्चिम घटकाने माथा सरकत नाही, मिळालेला रेखांश त्या क्षणीच्या जागेचा असतो एवढंच. सूर्याची स्वतःची चालही यात येते. जून आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांच्या आसपास क्रांती जवळजवळ स्थिर असते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास मात्र ती तासाला एक कला बदलते. दक्षिणेला बारा नॉटने जाताना मार्चमध्ये सूर्य उत्तरेकडे, तुमच्याच दिशेने येत असतो, तेव्हा १३ धरा. सप्टेंबरमध्ये तो तुमच्यापुढे पळत असतो, तेव्हा ११.

आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ही सुधारणा दर नॉटला अकराएक सेकंद पडते. विषुवदिनाला ती दर नॉटला चार सेकंदांवर येते, आणि मे महिन्यात कोकणासमोर जवळपास नाहीशी होते. वर गेलात की ती झपाट्याने फुगते. डिसेंबरमध्ये ४० अंश उत्तरेला, पंधरा नॉटने दक्षिणेकडे येणाऱ्या जहाजावर ती पावणेपाच मिनिटांहून जास्त होते, म्हणजे ५५ मैलांच्या पुढे. अटलांटिकमध्ये तिला विसरणं परवडत नाही.

या पाऊण तासात कोर्स किंवा वेग बदलू नये. शिडाच्या बोटीवर वारा वळला आणि बदलावाच लागला, तर त्याची वेळ लिहा आणि त्यानंतरची जोडी सोडून द्या.

घड्याळ आणि अल्मनॅक

घड्याळाचे दोष ओळखायला सोपे असतात, कारण ते ठरावीक आकड्यांत बोलतात. रेखांश साडेसात अंशांनी चुकला? जहाजाच्या घड्याळाचा अर्धा तास विसरलात. भारतीय वेळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे आहे आणि पूर्ण तासांच्या झोनची सवय असलेल्यांकडून हा अर्धा तास हमखास निसटतो. फेब्रुवारीच्या सुमारास सात अंशांनी चुकला? कालसमीकरणाचं, म्हणजे खरा सूर्य आणि घड्याळ यांतल्या फरकाचं, चिन्ह उलटं लावलंत: ११ फेब्रुवारीच्या आसपास खरा सूर्य घड्याळाच्या १४ मिनिटं मागे असतो आणि उलट्या चिन्हाने चूक दुप्पट होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १६ मिनिटं पुढे असतो, तेव्हा हीच चूक आठ अंशांवर जाते. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या सुमारास कालसमीकरण शून्यावर येतं. त्या दिवसांत चिन्ह उलटं लागलं तरी कळत नाही आणि पंधरवड्याने अचानक रेखांश बिघडला असं वाटतं.

याहून बारीक आणि जास्त वेळा घडणारी चूक म्हणजे अल्मनॅकच्या पानावरची मध्यान्हाची वेळ जशीच्या तशी वापरणं. ती पूर्ण मिनिटात दिलेली असते. अर्ध्या मिनिटाची काटछाट म्हणजे साडेसात कला गेल्याच. कालसमीकरण ० आणि १२ तासांसाठी सेकंदांत दिलेलं असतं, तेही आपल्या मध्यान्हासाठी नाही. आपलं मध्यान्ह ग्रिनिचला सकाळी सातच्या सुमारास होतं. डिसेंबरच्या उत्तरार्धात कालसमीकरण दिवसाला जवळजवळ ३० सेकंदांनी बदलतं, तेव्हा सातऐवजी बाराचा आकडा घेतलात तर सहा सेकंद, दीड कला जाते. मी मुलांना कालसमीकरण वापरूच देत नाही. याम्योत्तराची ग्रिनिच वेळ निघाली की त्या क्षणाचा सूर्याचा जीएचए, म्हणजे ग्रिनिचपासून पश्चिमेकडे मोजलेला कोन, अल्मनॅकमधून थेट काढा. पूर्व गोलार्धात ३६० अंशांतून तो वजा केला की रेखांश. चिन्हाचा प्रश्नच येत नाही.

घड्याळ स्वतः रोज किती पुढे-मागे जातं, हे निघण्याआधी दहा दिवस रोज ठरावीक वेळी तपासून लिहा. साधं क्वार्ट्झ घड्याळही रोज सारखंच चुकत असेल तर उत्तम क्रोनोमीटर आहे. दुरुस्त करत बसू नका, रोजच्या चुकीचा दर लिहून ठेवा. किनाऱ्याचं नेटवर्क सुटल्यावर मोबाइलच्या घड्याळावर मात्र सेकंदासाठी विसंबू नका.

अक्षांशच चुकत असेल तर

मग प्रश्न उपकरणाचा किंवा क्षितिजाचा आहे आणि तपासणी वेगळी. इंडेक्स एरर क्षितिजावर बघण्याऐवजी सूर्यावर बघा, दोन्ही आरशांपुढे गडद काचा ओढून. प्रतिबिंब प्रत्यक्ष बिंबाला वरून टेकवा, मग खालून. एक माप आर्कवर, म्हणजे मोजपट्टीवर शून्याच्या पुढे येईल, दुसरं आर्कच्या बाहेर, शून्याच्या मागे. दोन्हींच्या फरकाचं अर्धं म्हणजे इंडेक्स एरर. बेरीज चाराने भागली तर सूर्याची त्रिज्या यायला हवी: जानेवारीच्या सुरुवातीला १६.३ कला, जुलैच्या सुरुवातीला १५.७ ते १५.८. ती आली नाही तर तुमचं माप चुकलंय, पुन्हा घ्या. आपली परीक्षा आपणच घेणारी अशी दुसरी तपासणी सेक्स्टंटवर नाही.

अक्षांश बरोब्बर ३२ कलांनी चुकत असेल तर वरची कड घेऊन खालच्या कडेची सुधारणा लावली आहे. पाच-सात कलांनी चुकत असेल तर डिप बघा. वीस मीटर उंच ब्रिजवर डिप ७.९ कला असते, दोन मीटर उंचीवरच्या डोळ्याला फक्त २.५. मोठ्या जहाजावरून लहान बोटीवर आलेले लोक जुनाच आकडा लावत राहतात.

धुरकट हवेत फसवं क्षितिज ही आपल्या समुद्रावरची खरी अडचण. किनाऱ्यालगत थंडीत सकाळी आणि मे महिन्यात दिवसभर एक पांढुरकी पट्टी तरंगत असते आणि क्षितिजाची रेघ तिच्या अलीकडे कुठेतरी मानून वेध घेतला जातो. अशा वेळी खाली उतरा. वीस मीटरवरून क्षितिज सव्वानऊ मैलांवर असतं, दोन मीटरवरून तीन मैलांच्या आत. जवळचं क्षितिज धुरक्यातून स्पष्ट दिसतं. लहान बोटीवर वेध लाटेच्या माथ्यावर असताना घ्या, दोन लाटांमधल्या खळग्यात असताना समोरची लाटच क्षितिज म्हणून दिसते.

सूर्य डोक्यावर असतो तेव्हा

मे महिन्याच्या मध्यात मुंबईत शून्य सावलीचा दिवस असतो, जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा. गच्चीवर बाटली उभी करून मुलं सावली नाहीशी होताना बघतात. समुद्रावर त्याच दिवसांत मध्यान्हाचा नेहमीचा वेध निरुपयोगी होतो. कारण सोपं आहे: सूर्य खमध्याच्या इतक्या जवळून जातो की त्याची दिशा गरागरा फिरते. तो खमध्यापासून २० कला दक्षिणेने जात असेल, तर आग्नेयेपासून नैर्ऋत्येपर्यंतचा ९० अंशांचा फेरा तीन मिनिटांच्या आत संपवतो. सेक्स्टंट झुलवताना कुठल्या क्षितिजाकडे तोंड करायचं तेच कळत नाही, आणि कळेपर्यंत माथा निघून गेलेला असतो.

इथे मध्यान्ह ही कल्पनाच सोडून द्या. नतांश तीन अंशांच्या आत असेल, तर सूर्य ज्या बिंदूच्या बरोबर डोक्यावर आहे तो बिंदू नकाशावर मावतो. त्याचा अक्षांश म्हणजे क्रांती, आणि रेखांश ३६०मधून जीएचए वजा करून. त्या बिंदूभोवती नतांशाइतक्या कलांची, म्हणजे तितक्याच मैलांची त्रिज्या घेऊन कंपासने कमान काढा. नतांश दोन अंश तर १२० मैल. पाच-सहा मिनिटांच्या अंतराने तीन वेध, तीन बिंदू, तीन कमानी. त्या जिथे छेदतात तिथे तुम्ही. मधल्या वेळातली जहाजाची चाल तेवढी सरकवून घ्या. अक्षांश-रेखांश दोन्ही एकदम मिळतात आणि अल्मनॅकशिवाय दुसरं कुठलंही कोष्टक लागत नाही. हे पहिल्यांदा कागदावर घडताना पाहिलं, तेव्हा मी वेध संपवून तसाच नकाशाच्या टेबलापाशी उभा राहिलो होतो. गोलावरचं सगळं गणित कंपासच्या तीन ओढींत समोर होतं.

याच काळात एक साधी चूक फार होते. कोकणासमोर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हाचा सूर्य उत्तरेला असतो. तेव्हा अक्षांश = क्रांती वजा नतांश. वर्षभराच्या सवयीने नतांश मिळवायला जाल तर रत्नागिरीसमोरची बोट २१ जूनला आहे त्याहून तेरा अंश आणखी उत्तरेला, गुजरातच्याही पलीकडे जमिनीवर जाऊन पडेल. एवढी मोठी चूक लगेच दिसते. नतांश अर्धा अंश असताना तीच चूक एका अंशाची होते आणि पटकन लक्षात येत नाही. वेध घेताना सूर्य उत्तरेला होता की दक्षिणेला, हे वेळेच्या शेजारीच लिहा.

दुपारची बाजू ढगात गेली तर

सकाळच्या तीन उंच्या हातात आहेत आणि नेमका मध्यान्हानंतर ढग आला, असं वर्षातून कितीदा तरी होतं. जोडी पूर्ण होत नाही. पण सकाळचा वेध वाया गेलेला नाही. १७ डिसेंबर १८३७ रोजी थॉमस समनर हा अमेरिकन कॅप्टन आयर्लंडजवळच्या समुद्रात अशाच वाईट हवेत होता. ढगांच्या फटीतून त्याला सूर्याची एकच उंची मिळाली, अक्षांशाची खात्री नव्हती. त्याने तीन वेगवेगळे अक्षांश धरून तीनदा रेखांश काढला आणि तिन्ही बिंदू नकाशावर एका सरळ रेषेत पडले. ती रेषा पुढे स्मॉल्स दीपगृहावरून जात होती. तो रेषेवरून चालत राहिला आणि दीपगृह दिसलं.

तुमची सकाळची उंची अशीच एक रेषा देते. मध्यान्हाच्या दोन-तीन तास आधीची असेल तर फारच चांगलं, कारण तेव्हा रेषा उत्तर-दक्षिणेकडे बरीच झुकलेली असते. ती जहाजाच्या चालीने मध्यान्हापर्यंत पुढे सरकवा आणि मध्यान्हाच्या अक्षांशाशी छेदू द्या. जहाजांवर रोजचा दुपारचा ठावठिकाणा याच पद्धतीने काढत आले आहेत, आणि हवेचा भरवसा नसेल तर मीही हीच पद्धत आधी धरतो. त्यासाठी नऊ-साडेनऊला एकदा सेक्स्टंट हातात घ्यायचा, आकाश कितीही निरभ्र दिसत असलं तरी. पावसाळ्याच्या तोंडाशी तर ही उंची घेतल्याशिवाय नाश्त्याला खाली जाऊ नका.